आधी पट्टी बांधा, मग रडा

दक्षिण कोरियात, सेऊलमध्ये, तुमचे वडील वारले आणि तुम्ही थोरले चिरंजीव असाल, तर आधी दंडावरची पट्टी ताब्यात घ्या. रडायला तीन दिवस पडलेत. पट्टी बांधली की तुम्ही 'सांगजू', म्हणजे सुतकाचे मुख्य मानकरी. ताई तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी असेल, बाबांचं हगणंमुतणंही तिनंच काढलं असेल. पण पट्टी मुलाची. जावयालासुद्धा मिळते, तिला नाही. तिनं कारण विचारलं तर 'परंपरा' म्हणा. ही पट्टी १९३४ साली जपानी वसाहतीच्या सरकारनं नियम काढून आणली, हे मात्र बोलू नका.

अंत्यविधीचा हॉल बहुधा इस्पितळाच्याच आवारात मिळतो. दाराशी पांढऱ्या शेवंतीचे उंच मनोरे लागतात, आणि लोक बाबांच्या फोटोआधी मनोऱ्यांच्या फितींवरची, पाठवणाऱ्यांची नावं वाचतात. धाकट्याच्या साहेबाचा मनोरा दारात आणि तुमच्या साहेबाचा जिन्याखाली गेला असेल, तर शोक थोडा आवरून आधी तो हलवा.

धाकटी सून चर्चला जाणारी असेल. ती फोटोपुढे लोटांगण घालणार नाही, फूल वाहून नुसती मान झुकवेल. काका पेटतील. पेटू द्या, घराण्याला शोभेलसंच आहे. १६५९ साली कोरियाचा राजा ह्योजोंग वारला, तेव्हा त्याच्या सावत्र आईनं सुतक एक वर्ष पाळायचं की तीन, यावर अख्खा दरबार भांडला होता. का, तर राजा धाकटा मुलगा. पंधरा वर्षांनी त्याची राणी वारली, तर तोच वाद उकरून काढला आणि आधी हरलेले तेव्हा जिंकले. काकांना एवढा दम धरायला सांगा.

पाकिटांच्या टेबलावर, ज्याच्यावर सगळ्यांचा सारखाच अविश्वास आहे अशा चुलतभावाला बसवा. पन्नास हजार वॉन, एक लाख वॉन, सगळं वहीत नावानिशी उतरतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणावं, तर हे उधारीचं: ज्यानं जेवढं दिलं, त्याच्या घरी कोणी गेलं की तेवढं परत करायचं. म्हणून पैसे वाटून घ्या, पण वही धाकट्याच्या गळ्यात मारा.

रात्री पाहुणे सोजू पितील, पत्ते कुटतील. बसू द्या. पेले तेवढे भिडवू नका, ते वाईट दिसतं.

एक धोका आहे. भावंडांचं जमलं नाही तर पार्थिवावर हक्क थोरल्या मुलाचा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली म्हटलं होतं. मे २०२३ मध्ये त्यांनीच ते फिरवलं: आता वयानं जे अपत्य मोठं त्याचा हक्क, मुलगा असो की मुलगी. ताई कोपऱ्यात मोबाइलवर असलं काही वाचताना दिसली, तर लगेच हाक मारा. म्हणावं, पलीकडच्या टेबलावर भात संपलाय.