आतलं एक्सपी

कुलवृत्तांत हे पुस्तक घरोघरी असतं. ते कोणी वाचत नाही, पण त्यात आपलं नाव चुकीचं छापलंय हे मात्र ज्याला त्याला पक्कं ठाऊक असतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत 2004 साली निघाला. संपादक नानाकाका. तेव्हापासून ते दुरुस्त्याच गोळा करताहेत. कुणाच्या पणजोबांना पोटचा मुलगा असताना तो दत्तक दाखवलाय, कुणाच्या आत्याचं लग्न तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी लागलंय, आणि एका चुलत आजोबांच्या नावामागे ते चांगले हिंडतेफिरते असताना 'कै.' लागलंय. (ते मधल्या काळात खरोखरच गेल्यामुळे ती एक दुरुस्ती कमी झाली. नानाकाकांनी वहीत तिच्यापुढे बरोबरची खूण केलेली मी स्वतः पाहिली आहे.)

तर दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं आणि नानाकाका एक सीडी घेऊन आमच्याकडे आले. "सगळं तयार आहे ह्यात. फक्त नवीन पोरं घालायची."

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला भोकच नाही, इथपासून सुरुवात होती. शेजाऱ्यांकडून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. आत पेजमेकरच्या फायली. पेजमेकर म्हणजे एके काळी गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांचं दैवत. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थेचा अहवाल, सगळं त्यातूनच निघायचं. पण त्याची शेवटची 7.0 ही आवृत्ती आली 2001 साली, आणि युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, हा प्रकार त्याला शेवटपर्यंत कळला नाही. त्यातली मराठी अक्षरं ही खरी मराठी नव्हेतच, ती परक्या अक्षरांच्या जागेवर बसवलेली चित्रं. तो फॉन्ट नसेल तर आमचे मूळ पुरुष गोपाळभट हे एक उलटं प्रश्नचिन्ह, एक पौंडाची खूण आणि डोक्यावर टोपी घातलेले दोन 'ए' एवढेच उरतात.

फॉन्ट सीडीवर होता. पण त्या फॉन्टात टाइप करायचं जे सॉफ्टवेअर होतं, ते विंडोज एक्सपीच्या पुढे एक पाऊल टाकायला तयार नव्हतं. काकांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच गेलेला, त्याच्या टेबलावर आता काकूंच्या लोणच्याच्या बरण्या. तेव्हा एकच मार्ग राहिला. माझ्या लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर घालायचं आणि त्याच्या पोटात एक्सपी.

हे काकांना समजावून सांगणं हे मुख्य काम. बाकीचं त्या मानाने सोपं.

"म्हणजे ह्याच्या आत दुसरा कॉम्प्युटर?"

"हो. पण खरा नाही."

"खोटा?"

"खोटा पण नाही. आतल्या विंडोजला वाटतं आपल्याला अख्खा कॉम्प्युटर मिळालाय. त्याची स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी. प्रत्यक्षात डिस्क म्हणजे बाहेरची एक फाइल असते."

"मग त्याला कोणी सांगत नाही?"

ह्याला उत्तर नव्हतं. म्हणून मी इतिहासाकडे वळलो. ही कल्पना मुळात आयबीएमची, साठच्या दशकातली. कॉम्प्युटर खोलीएवढा आणि वापरणारे पुष्कळ, म्हणून एकाच यंत्राचे अनेक भास उभे करायचे, म्हणजे प्रत्येकाला वाटतं की सगळं यंत्र आपलंच. त्याचं व्हीएम/370 हे रूप त्यांनी 1972 साली बाजारात आणलं.

काका एकदम ताठ बसले. "बहात्तर? दुष्काळाचं साल. आम्ही सुकडी खात होतो तेव्हा. म्हणजे अमेरिकेने आपल्याला ती लाल मिलो ज्वारी पाठवली आणि हे स्वतःकडे ठेवून घेतलं होय!"

व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतो आणि बसतोही पटकन. लगेच म्हणाला, प्रोसेसरमधली व्हीटी-एक्स ही आतला कॉम्प्युटर चालवायची सोय बायोसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मूळ सेटिंगमधून, बंद आहे. आता ही सोय इंटेलने 2005 पासून द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी एएमडीनेही दिली, आणि माझ्या लॅपटॉपात ती होतीच. फक्त ज्याने लॅपटॉप बनवला त्याने ती झाकून पाठवली होती. चाळीत पाणी येतं, पण चावी सेक्रेटरीकडे, तशातली गत. लॅपटॉप चालू होताना एफ2 दाबायचं, तेही नेमक्या त्या निमिषार्धात. आधी दाबलं तर ऐकू जात नाही, नंतर दाबलं तर विंडोज सुरू झालेलं असतं. काका शेजारी बसून "आत्ता! आत्ता!" असं ओरडत होते. त्यांचं 'आत्ता' आणि मदरबोर्डचं 'आत्ता' ह्यांचा मेळ बसेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला.

मग एक्सपीची की. पंचवीस अक्षरं, जुन्या डब्याच्या कुशीवर चिकटवलेल्या स्टिकरवर. डबा माळ्यावर, काका स्टुलावर, काकू खाली मोबाइल धरून आणि मी इकडे कानात प्राण आणून.

"बी."

"बी की आठ?"

"अहो, ते बी आहे का बघा, तो विचारतोय."

"मला चष्म्याशिवाय दोन्ही सारखेच."

पण एकदा की पटली आणि एक्सपी बसायला लागलं, की मला नाही म्हटलं तरी भरून आलं. सेटअप साधारण 39 मिनिटांत पूर्ण होईल असं ते सांगतं आणि मध्ये मध्ये स्वतःच्या वेगाची जाहिरात करत राहतं. ही 39 मिनिटं 2001 सालच्या यंत्रांची. आताच्या यंत्रावर ते बापडं आपली जाहिरात पुरी करायच्या आतच बसून मोकळं होतं. आठ जीबीतली मी त्याला फक्त 512 एमबी मेमरी दिली, तर ते श्रीमंतीत लोळायला लागलं. त्याची मूळ मागणी किमान 64 एमबीची. बाहेरचं विंडोज 'थोडं थांबा, आम्ही तयारी करत आहोत' असं म्हणत असताना आतलं एक्सपी नमस्कार-चमत्कार आटोपून ती हिरवी टेकडी दाखवत बसलेलं असतं. तो फोटो चार्ल्स ओरीअर नावाच्या छायाचित्रकाराने 1996 साली कॅलिफोर्नियात काढला. काकांनी मात्र ती आंबोली आहे असं जाहीर केलं, आणि आषाढातली.

ह्यानंतर माउस गेला.

म्हणजे आतल्या खिडकीत क्लिक केलं की माउस आतच अडकतो. बाहेर फोन वाजतोय, मेल येतेय, पण बाण खिडकीच्या चौकटीला धडका देतो आणि परत फिरतो. त्यात लॅपटॉपचा पंखा घुमायला लागलेला. अंगात आलेल्या बाईपुढे घरचे हात जोडून उभे राहतात, तसे आम्ही उभे. उतारा एकच: उजवीकडचं कंट्रोल. ते दाबलं की बाण मुकाट बाहेर येतो. काकांनी त्या बटणावर कुंकवाएवढा लाल स्टिकर लावून घेतला. (नवीन लॅपटॉपांपैकी काहींवर उजवं कंट्रोल उरलेलंच नाही, तिथे एआयला हाक मारायचं बटण आलंय. त्या लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन दुसरं बटण नेमावं. आधी नेमावं, मग आत जावं.)

ह्यावर कायमचा उपाय म्हणजे गेस्ट ॲडिशन्स. ती आत बसवली की माउस मोकळा हिंडतो, आणि तोवर टीचभर असलेला पडदाही मोठा होतो. पण ती बसवायची कशी? मेनूत 'सीडी घाला' असं आहे. काकांनी लगेच आपली सीडी पुढे केली. मी म्हटलं, ही नव्हे. ही नसलेली सीडी आहे आणि ती नसलेल्या ड्राइव्हमध्ये घालायची आहे. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते पूर्वी आमच्या एका भोंदू साडभावांकडे पाहायचे.

खिडकीच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासवही बसलेलं होतं. काकांना ते शुभ वाटलं, देवळात असतंच. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की बाहेरच्या विंडोजने स्वतःच्याच सुरक्षेसाठी हायपर-व्ही हे आतले कॉम्प्युटर चालवणारं आपलं सॉफ्टवेअर आधीच चालू ठेवलंय, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या खांद्यावरून हात घालून काम करावं लागतंय आणि सगळं सावकाश होणार. ते घालवायचं तर विंडोजचे सुरक्षेचे खटके बंद करत जावं लागतं. एक्सपीला त्या कासवाच्या चालीचाही वेग पुरत होता, म्हणून मी कासव राहू दिलं.

सगळं लागलं, फाइल उघडली, फॉन्ट बसला. गोपाळभट टोप्या काढून गोपाळभट झाले. काकांनी डोळे पुसले. आणि मग टायपिंगच्या सॉफ्टवेअरने विचारलं, लॉक कुठे आहे?

त्या काळातल्या मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं एक लॉक असायचं. पंचवीस पिनांचा काडेपेटीएवढा ठोकळा, तो खोचला तरच अक्षरं उमटणार. ठोकळा काकांनी प्राणापलीकडे जपलेला, हातरुमालात गुंडाळून आणला होता. पण ते पोर्ट आता कुठल्या लॅपटॉपला असतं? दुकानात एक वायर मिळाली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला प्रिंटरचं पोर्ट. ती लावली, तर कळलं की तिला प्रिंटरशी बोलता येतं, लॉकशी नाही. म्हणजे जुनं सगळं दिसतंय, छापता येतंय, हलवता येतंय. नवीन अक्षर तेवढं उमटत नाही.

मी कॅरेक्टर मॅप, म्हणजे फॉन्टातल्या सगळ्या अक्षरांचा तक्ता, उघडून दाखवला. त्यातले मुंगीएवढे चौकोन बघून काकांनी मान हलवली. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नवीन कशाला हवंत? आपल्याच माणसांत सगळी अक्षरं आहेत."

आणि कामाला लागले. पुण्याच्या घरातलं नवं बाळ विहान. त्याचा 'वि' विनायकरावांकडून घेतला, 'हा' महादेवभटांचा आणि 'न' नारायणकाकांचा. कॉपी, पेस्ट. पहिल्यांदा वेलांटी मागेच राहिली, कारण ह्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी हे वेगळं चित्र असतं आणि ते 'व'च्या आधी उभं असतं. बाळ 'वहान' झालं. काकांच्या ते लगेच लक्षात आलं. पुढे त्यांचा हात इतका बसला की न्यू जर्सीच्या क्रिशाला त्यांनी चक्रपाणींचा 'क्र', विनायकरावांची वेलांटी आणि शांताबाईंचा 'शा' लावून चुटकीसरशी उभी केली. "बघ, मुलीला खापरपणजोबांचं अक्षर लागलं. आईबापांना पत्ता नाही." अडले ते फक्त एका नावाशी, ज्यात 'झ्ॲ' की असंच काहीसं होतं. सात पिढ्या धुंडाळल्या, कुणातच सापडेना. काकांनी मुलाच्या वडिलांना फोन करून बारशाचं दुसरं काही नाव आहे का विचारलं.

मग त्यांना स्नॅपशॉटचा शोध लागला. आतला कॉम्प्युटर आहे त्या क्षणी गोठवून ठेवायचा, पुढे हवे ते उद्योग करायचे आणि बिनसलं तर त्या क्षणी परत यायचं. घराण्याच्या इतिहासाला इतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. दत्तकाच्या प्रश्नावर थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा वाद जुना. काकांनी दत्तकाच्या आधी एक स्नॅपशॉट घेतला, मग तो दत्तक ठेवून एक आणि काढून एक. नावं त्यांनीच दिली: 'थोरले खूश', 'धाकटे खूश' आणि 'खरं'. तिसरा अजून कोणालाच दाखवलेला नाही. पडद्यावर हे सगळं फांद्या फुटलेलं दिसतं. "ह्याचाही वंशवृक्ष!" म्हणून काकांनी काकूंना हाक मारली. काकूंनी लांबूनच विचारलं, "त्यात माहेरची माणसं आहेत का?" तो विषय तिथेच गोठला.

शेवटी पेजमेकरसोबतच्या डिस्टिलरमधून पीडीएफ निघाली आणि छापखान्यात गेली. माझ्या मते काम संपलं. काकांच्या मते आत्ता कुठे बस्तान बसलं होतं. आतल्या एक्सपीला मी इंटरनेट दिलेलं नव्हतं, कारण त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल 2014 मध्येच थांबल्या. काकांची काही तक्रार नव्हती. त्यांना पिनबॉलचा खेळ सापडला होता, जो एक्सपीनंतरच्या व्हिस्तापासून विंडोजमधून गायब झाला. आणि अख्खा कॉम्प्युटर एका फाइलीत मावतो हे कळल्यावर त्यांनी तो पेनड्राइव्हवर घेतला. आता तो त्यांच्या बंडीच्या खिशात असतो, तपकिरीच्या डबीशेजारी. कुणाकडेही गेले की विचारतात, "तुमच्याकडे व्हर्च्युअलबॉक्स आहे का? माझा कॉम्प्युटर लावायचाय." पुष्कळ जण चार्जर पुढे करतात.

गेल्या रविवारी ते पुन्हा आले. बरोबर चपलेचा एक खोका. आत फ्लॉप्या, त्या मोठ्या, वाकणाऱ्या, सव्वापाच इंची. पहिल्या आवृत्तीच्याही आधी जमवलेली सगळ्या घराण्याची पत्त्यांची यादी, वर्डस्टार ह्या त्या काळच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये.

मी लॅपटॉप उचलून चारी बाजूंनी दाखवला. "काका, ह्याला फ्लॉपी कुठली?"

काकांनी व्हर्च्युअलबॉक्सचं सेटिंग उघडलं. आठ आणि बी ओळखू न येणारा माणूस, पण 'फ्लॉपी कंट्रोलर' ही ओळ त्यांनी बरोबर बोट ठेवून दाखवली.

"ह्याला नाही ना? पण आतल्याला आहे. त्याला दे."