शेअर ज्याचा, कंपनी त्याचीच? काहून बाप्पा?

या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आलं. गावच्या ग्रुपवर, भाच्याच्या लग्नासाठी काढलेल्या ग्रुपवर (तिथं त्याचं काय काम, देव जाणे) अन् आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या (शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या) ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: कंपनी शेअरहोल्डरची, रिस्क त्याची म्हणून नफाही त्याचाच, कायदा हेच सांगतो, फ्रीडमन नावाच्या नोबेलवाल्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं हेच सांगितलं, कामगार-शेतकरी-गाव असं सगळ्यांचं बघत बसलेला धंदा बुडतो, अन् जो सगळ्यांना जबाबदार तो कोणालाच जबाबदार नसतो. खाली हात जोडलेले, "आपल्या कंपनीनंही विचार करावा."

पहिल्या दोन ग्रुपवर मी गप्प बसलो. तिसऱ्यावर बसता येत नाही, कारण रविवारी सभा आहे अन् विषय हाच, की यंदाचा नफा शेअरवर वाटायचा का ज्यानं माल घातला त्याच्या मालावर. मी कंपनीचे हिशोब बघतो, त्याआधी सहा सीझन एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर होतो, म्हणून जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी कायद्याचं, कारण ते लवकर उरकतं. आपला कंपनी कायदा २०१३ चा. त्याच्या कलम १६६ मध्ये डायरेक्टरची कर्तव्यं दिली आहेत, अन् त्यात शेअरहोल्डरबरोबर कर्मचारी, समाज अन् पर्यावरण यांची नावं सरळ लिहिलेली आहेत. फॉरवर्डमध्ये दाखला दिलाय तो अमेरिकेतल्या फोर्डच्या १९१९ च्या केसचा. आता तिकडच्या मिशिगन राज्याच्या कोर्टाचा निकाल आपल्या तालुक्याला लागू नाही ही एक गोष्ट, अन् दुसरी अशी की त्या कोर्टानं फोर्डला डिव्हिडंड, म्हणजे शेअरवरचा नफ्याचा वाटा, वाटायला लावला हे खरं, पण कारखाना वाढवायचा त्याचा बेत मात्र अडवला नाही, धंदा कसा चालवायचा ते जज ठरवणार नाही असंच त्यांचं म्हणणं होतं. हा अर्धा भाग फॉरवर्डमध्ये नाही. अर्थात कलमात नाव आलं म्हणून कास्तकाराला उद्या चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, मिळतो असंही नाही, हे मलाही कळतं.

अन् आपली कंपनी तर उत्पादक कंपनी. तिच्यासाठी २००२ साली तेव्हाच्या जुन्या कंपनी कायद्यात वेगळा भागच घातला गेला, तो आताच्या कायद्यातही आहे. त्यात शेअरवरच्या परताव्याला मर्यादा आहे, अन् त्यानंतर जे उरतं ते सभासदानं कंपनीशी किती व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस म्हणून देता येतं. म्हणजे ज्याच्यावर आपण भांडतोय त्याचं अर्धं उत्तर नोंदणीच्या दिवशीच आपण सही करून घेतलंय.

आता रिस्क. "रिस्क त्याची म्हणून नफाही त्याचाच" हे वाक्य वाचून मला खरंच राग आला.

शेअर घेतलेल्या माणसाचं जास्तीत जास्त काय बुडतं? शेअरचे पैसे. त्यापुढं त्याच्या घराला, वावराला कोणी हात लावत नाही, लिमिटेड शब्दाचा अर्थच तो. मोठ्या कंपनीचा शेअर असला तर सकाळी बातमी वाईट आली की चहा संपायच्या आत मोबाईलवर विकून मोकळा. अन् ज्यानं दिवाळीनंतर कापूस घातला तो? आमच्या बाबांनी एका वर्षी एका खासगी खरेदीवाल्याला कापूस दिला, चार दिवसांनी ये म्हणाला, मग पंधरा दिवसांनी, मग होळीनंतर. थोडेथोडे करून निम्मे आले, बाकी आले नाहीत. शेवटी फर्म बुडाली म्हणे. त्याचा बंगला आहे तिथंच आहे, अन् आमच्या घरी त्या साली खताची उधारी व्याजानं काढलेल्या पैशांनी फेडली. बाबांकडं त्या फर्मचा एक रुपयाचा शेअर नव्हता, रिस्क मात्र गाडीभर होती.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी. त्यातल्या रोजानं जाणाऱ्या माणसाकडं कोणत्या औषध कंपनीचा शेअर असणार? पण त्या मालाची सगळ्यात मोठी रिस्क कोणाच्या अंगावर पडली ते आपण इथंच पाहिलं. ज्याला निघून जाता येतं त्याची रिस्क मोजायची अन् ज्याला जाता येत नाही त्याची मोजायचीच नाही, हा हिशोब मला तरी जमत नाही.

"सगळ्यांचं बघत बसलं की धंदा बुडतो." बरं. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, कापूस आपल्याच भागातला. तिथं कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये आला, असल्या गोष्टी करा म्हणून सांगणारा कायदा तेव्हा नव्हता. त्यानंतर ती मिल बुडाली का? शंभरावर वर्षं चालली, आता बंद आहे हे मान्य. अमूलचं बघा, १९४६ पासून चाललंय, ग्राहकाच्या रुपयातले ऐंशी पैशांच्या आसपास दूधवाल्या शेतकऱ्याकडं जातात असं ते सांगतात, अन् पिशवी आपल्या गावातल्या फ्रीजमध्ये येऊन बसलीये. उलटीकडं सत्यम ही आयटी कंपनी घ्या, जानेवारी २००९. वर्षानुवर्षं खोटा नफा दाखवून कंपनी कागदावर फुगवत नेली, अन् फुटलं तेव्हा सगळ्यात आधी पोळला तो शेअरहोल्डरच.

पण लांबचे दाखले कशाला, काट्यावरचं सांगतो. मी ज्या जिनिंगात होतो तिथं कापूस आला की ग्रेडर ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढून मॉइश्चर मीटरमध्ये दाबायचा अन् आकडा मोठ्यानं ओरडायचा, तेरा, साडेतेरा. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आठ ते बारा टक्के ओलाव्यापर्यंत कापूस घेते, तर खासगीतही बाराच्या वर आकडा गेला की बोलायची सोय नाही. मग क्विंटलमागं दोन किलो कट्टी, म्हणजे तेवढं वजन कापायचं. एकदा एक म्हातारा, पहाटेपासून लाईनीत होता, तो मीटरकडं बघत म्हणाला, "माह्या वावरात दोन महिने पाणी नाही पडलं, अन् कापसात कुठून आलं रे पोट्ट्या?" सगळे हसले, मी पण हसलो, कट्टी मात्र लिहिली. वीस क्विंटलच्या गाडीत चाळीस किलो, २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावानं ३,२४४ रुपये. मालकाच्या वहीत हा नफाच दिसतो. शेअरवाल्याला विचारा, खूश.

पुढं एका वर्षी बोंडअळीनं माल कमी झाला. तेव्हा त्याच रस्त्यावर तीन किलोमीटर पुढं दुसरं जिनिंग होतं, भाव आमच्यापेक्षा पन्नास रुपये कमीच द्यायचं, पण काटा सरळ अन् चुकारा तिसऱ्या दिवशी. गाड्या आमच्या गेटावरून हॉर्न देत पुढं गेल्या. आमच्या प्लॅटफॉर्मवर कवडी (किडका, डागी कापूस) वेचणाऱ्या बाया दुपारीच घरी जायला लागल्या, कारण वेचायला कापूसच नाही, अन् मशीन अर्ध्या दिवसावर आली. तिकडचा मालक काही संत नव्हता, लय पक्का होता, त्याला फक्त पुढच्या वर्षीची लाईन दिसत होती.

फ्रीडमनचा १९७० चा लेख दाखवतात. त्यात नफा वाढवा असंच आहे, पण खेळाच्या नियमात राहून, फसवणूक न करता, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. मीटर बिघडवून घेतलेली कट्टी त्यांच्या व्याख्येतही बसत नाही. त्यांचा खरा रोख त्या मॅनेजरवर होता जो दुसऱ्याच्या पैशावर दानशूर होतो. तो मुद्दा मला पटतो.

अन् शेवटचा मुद्दा, "सगळ्यांना जबाबदार म्हणजे कोणालाच नाही", तर मी थेट मान्य करतो की यात दम आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ मोठ्या कंपन्यांच्या साहेबांनी सह्या करून जाहीर केलं की आम्ही आता सगळ्यांसाठी काम करणार. सही करायला काय जातं? आपल्याकडंही मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सीएसआरला, म्हणजे समाजकामाला, द्यावे लागतात, अन् लोक त्यालाच हे सगळं समजतात. शाळेची भिंत रंगवून दिली म्हणून काट्यावरची चाळीस किलो माफ होत नाहीत. पैसा कमावतानाच कोणाचं काय कापलं ते बघायचंय, नंतर किती वाटला ते नाही.

आपणही इथं फसलो आहोत, लपवायचं काय. दोन वर्षांपूर्वी "सभासद आपलेच" म्हणून बियाणं उधारीवर वाटलं, कोणाला किती अन् कधी परत हे धड लिहिलंच नाही, अन् वसुलीला गेलो तर ज्यांच्याकडं बाकी जास्त तेच जास्त चिडले. म्हणून माझं म्हणणं एवढंच की "सगळ्यांचं हित" असा ठराव नको, आकडे लिहा. चुकारा किती दिवसांत, हमालाची मजुरी कोणत्या वारी, मॉइश्चर मीटर वर्षातून किती वेळा तपासून आणायचं, शेअरवर किती अन् मालावर किती. मग नाही पाळलं तर मला उभं करून विचारता येईल.

राहता राहिला तो फॉरवर्ड टाकणारा आमचा दादा. त्याचे शंभर शेअर आहेत, सगळे रोखीनं घेतलेले, मान आहे. पण मी परवा रजिस्टर काढून बघितलं, तीन सीझनमध्ये त्यानं कंपनीला एक पोतं सोयाबीन घातलेलं नाही, सगळं बाहेरच्या व्यापाऱ्याला. दादा, रविवारी मी मीटर तपासल्याचं सर्टिफिकेट घेऊन येतो, तू एक ट्रॉली घेऊन ये, तुझ्यासमोरच मोजू.