लॅपटॉप विकायच्या आधी एकदा सेटिंग उघडून बघा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. जरा लांबेल, पण फोटोग्राफीवर पोट असणाऱ्यांनी तरी वाचाच.

सीझनला आपल्याकडे सेकंड कॅमेऱ्याला येणारा मिरजेचा पोरगा, सकाळी त्याचा फोन. "दादा, लॅपटॉप काढायचाय, ओळखीत कोण घेणारं असेल तर बघा की." म्हटलं अरे हप्ते अजून फिटले नाहीत आणि काढतोस काय? तर म्हणे लाईटरूम, म्हणजे आपलं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, चालतच नाही, एक्सपोजरचा स्लायडर ओढला की नवरीचा चेहरा उजळायला तीन-चार सेकंद लागतात, ब्रश फिरवून हात थांबला तरी स्क्रीनवर तो मागनं सरकतच असतो. आणि दुकानदारानं काय सांगितलं तर ग्राफिक कार्ड कमी पडतंय, हा द्या, वर सत्तर हजार घाला आणि नवीन घ्या. लॅपटॉप चालू करूनसुद्धा बघितला नाही त्यानं!

सत्तर हजार. सेकंड कॅमेऱ्याला एका लग्नाचे किती सुटतात हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?

घरी बोलावून घेतला. लाईटरूममध्ये एडिट, प्रेफरन्सेस, मग परफॉर्मन्स. तिथं ग्राफिक्स प्रोसेसरच्या खाली कार्डाचं नाव दिसतं. लॅपटॉपवर स्टिकर एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०५० कार्डाचा आणि आत नाव इंटेल यूएचडी! या लॅपटॉपांत ग्राफिक्स दोन असतात, एक प्रोसेसरमधलंच, बॅटरी वाचवणारं, म्हणजे इथं ते इंटेल, आणि दुसरं वेगळं कार्ड, ज्याचे आपण पैसे मोजलेले असतात. कुठलं सॉफ्टवेअर कशावर चालवायचं ते आपण सांगितलं नाही तर विंडोज आपल्या मनानं ठरवतं, आणि कधीकधी चुकतं. टास्क मॅनेजर उघडून पोराला दाखवलं, स्लायडर हलवला की जीपीयू ० (ते इंटेल) पार वर आणि जीपीयू १ (आपलं कार्ड) शून्यावर निवांत. दारात भरलेली विहीर आणि याला टँकर विकत घ्यायला लावत होते.

उपाय काय? विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथं यादीत लाईटरूम आणि फोटोशॉप घ्या (नसेल तर ब्राउज करून exe फाईल दाखवा), ऑप्शनमध्ये हाय परफॉर्मन्स निवडा, सेव्ह करा, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. झालं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्येही असाच पर्याय आहे पण नवीन विंडोजमध्ये शेवटी विंडोजचंच चालतं, म्हणून सुरुवात इथूनच करा. फोटोशॉपमध्ये तेवढं परफॉर्मन्समध्ये यूज ग्राफिक्स प्रोसेसरला टिक आहे ना ते बघा.

मग त्याच्याच हळदीचे फोटो उघडले, रात्री मांडवात आयएसओ ६४०० ला काढलेले, अंधारामुळं फोटोभर नुसता दाणा. हा दाणा घालवणारं एआय डीनॉइज लावताना किती वेळ लागेल ते त्याच्या लाईटरूममध्ये खिडकीत आधीच लिहून येत होतं. आधी एका फोटोला दहा मिनिटांच्या वर दाखवत होतं म्हणे. आता मिनिटाच्या आत. पोरगं काही बोललंच नाही, नुसता तो स्लायडर इकडून तिकडं ओढत बसला. नवरीच्या गालावरची हळद हाताबरोबर उजळत होती. चहा गार झाला त्याचा. खरं सांगतो, त्याचं तोंड बघून माझाच राग उतरला होता.

मान्य, प्रत्येक वेळी सेटिंगच नसतं. आठ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर खर्चाला पर्याय नाही.

पण दुपारी आमच्या फोटोग्राफर मंडळींना हे सांगितलं तर एकजण म्हणतो, "एवढी कटकट कशाला, मॅक घ्यायचा सरळ." परत टाळकं सटकलं. अरे, ज्याचा बाप हमाली करतो त्याला तू मॅक सांगतोस? तुझ्या खाली काम करणारी पोरं कशावर एडिट करतात ते एकदा जाऊन बघितलंस का? आपण सीनियर म्हणवतो ना स्वतःला, मग पोरांना लायटिंग शिकवतो तसं हेही शिकवायला नको? दुकानदार माल विकणारच, त्याचा धंदा आहे तो, पण निदान मशीन चालू करून तरी बघ की बाबा. हप्त्यावर हप्ता चढवताना हात कसा थरथरत नाही रे तुमचा?

अजून दोन-तीन गोष्टी, उद्याच बघा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घेताना एनव्हिडियाचे दोन प्रकार दिसतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. आपल्या कामाला स्टुडिओ घ्या, ते फोटो-व्हिडिओ एडिटिंगवाल्यांसाठीच आहेत. डेस्कटॉपवाल्यांनी कॅबिनेटच्या मागं वाकून बघा, मॉनिटरची केबल वर मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते बऱ्याचदा, ती खाली कार्डाच्या पोर्टात लावा. आणि एडिटिंगला बसताना चार्जर लावूनच बसा, बॅटरीवर कार्ड पूर्ण जोर लावत नाही.

कुणाचं अडलं तर बिनधास्त फोन करा. रात्री दहानंतर मी अल्बमलाच बसलेला असतो, तेव्हा केलात तरी चालेल.