मेंढीकोट आणि जिम रीव्हज

परवा चोर बाजारात ७०० रुपये मोजून जिम रीव्हजची १९६३ची नाताळच्या गाण्यांची एलपी घेतली. लहानपणी वसईला डिसेंबर लागला की शेजारच्या घरातून हाच आवाज यायचा. दुकानदाराने १,२०० सांगितले होते. म्हणजे ४००ला मिळाली असती. जाऊ द्या.

ग्रँट रोडला बोरिवली स्लोमध्ये रेकॉर्ड छातीशी धरून कसाबसा घुसलो. दोन बाकांमध्ये मेंढीकोट रंगलेला. गुडघ्यांवर पसरलेल्या पेपरवरून पत्ते घसरत होते. अष्टगंध लावलेल्या एका काकांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, रेकॉर्डकडे.

"साहेब, ते जरा द्या. आमचा ब्रीफकेसवाला आज रजेवर आहे."

"अहो, रेकॉर्ड आहे ही."

"कोणाची?"

"जिम रीव्हज. अमेरिकन गायक."

"आहेत का?"

"नाही. १९६४ला नॅशव्हिलजवळ स्वतःचं विमान चालवताना वादळात सापडले."

"अरेरे." काका खरंच हळहळले. "मग त्यांची काही हरकत नसेल."

आणि एलपी आठ गुडघ्यांवर आडवी झाली.

हा माणूस आधी बेसबॉल खेळायचा, मग रेडिओवर निवेदक झाला, आणि पुढे माइकला जवळजवळ ओठ टेकवून इतकं हळू गायला की मांडीवरचं बाळ जागं होऊ नये. त्याच्यावर हुकमाचा एक्का आपटत होते! पत्ता नुसता ठेवता येत नाही का? दादरला मेंढी गेली, एक बुक्की. अंधेरीला कोट झाला, चार बुक्क्या आणि वेफर्सचा चुरा. पास काढला की डबा यांच्या आजोबांचा. आणि मी? बोरिवलीपर्यंत काकांची पानं बघत उभा होतो. याचा राग जास्त आहे.

उतरताना काकांनी ती शर्टाच्या बाहीने पुसून दिली. "मस्त सपाट आहे. उद्या हीच गाडी ना?"

घरी लावली. पहिल्या बाजूचं चौथं गाणं, 'ॲन ओल्ड ख्रिसमस कार्ड'. बारा गाण्यांतलं नेमकं हेच! सुई अडकली. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे दर १.८ सेकंदांनी तेच अर्धं अक्षर. आतून बायको म्हणाली, "हा पान का टाकत नाहीये?"

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "ऊपर कुछ रखा था क्या?"

काय सांगू? इस्पिकचा एक्का?