डी तारेवर वाजवा ना, सर

नवा बेस गिटार घ्यायला निघालात? छान. सगळ्यात आधी स्वतःला आठवण करून द्या की आपण बावीस वर्षं वाजवतोय. नवशिका दुकानात घाबरत जातो, दहा प्रश्न विचारतो, बरोबर कुणा जाणत्याला नेतो. तुम्हाला काय गरज? जाणते तुम्हीच. तीन आठवड्यांपूर्वी मीही याच तोऱ्यात दुकानाची पायरी चढलो होतो, म्हणून हे अधिकारवाणीनं सांगतोय.

रंग आधी ठरवा. आपण ड्रमशेजारच्या अंधारात उभे असतो आणि प्रकाशझोत आपल्यावर पडलाच तर चुकून पडतो, हे खरं. पण फोटो निघतात.

मग साल. आम्हा बेसवाल्यांचे दोन देव: जेम्स जेमरसन आणि जाको पास्टोरियस. जेमरसनचा फेंडर प्रिसिजन १९६२चा, जाकोचा फेंडर जॅझ बेसही १९६२चा. तेव्हा ‘बासष्टच्या धर्तीवर’ असं बिरूद मिरवणारा बेस शोधा. त्याचं पॉलिश कारखान्यातच खरवडलेलं असतं, हात टेकतो तिथलं लाकूड आधीच उघडं पाडलेलं असतं. तुमच्या जुन्या बेसवर तेवढी झीज यायला बावीस वर्षं लागली आणि ती फुकट आली, एवढाच काय तो तिच्यातला दोष.

तारा गंजलेल्या दिसल्या तर हरकत घेऊ नका. जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे, असं सांगतात. दुकानदारही त्याच घराण्याचा. (जेमरसन फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीचं गुळगुळीत वेटोळं असलेल्या तारा लावायचा. त्या जुन्या झाल्या की मऊ, गोल वाजतात. भिंतीवर वर्षभर टांगलेल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं चोळलेल्या राउंडवाउंड, म्हणजे गोल वेटोळ्याच्या खरखरीत तारा नुसत्याच मरतात. पण असो.)

वजन विचारू नका. पाठ सांगेल.

बेस स्टुलावर बसूनच वाजवून बघा, पट्टा मागू नका. उभं राहून डावा हात सोडला की नेक, म्हणजे बेसची लांब मान, जमिनीकडे निघते, हे घरी गेल्यावर कळण्यात वेगळी मजा आहे. मग दोन तासांचा कार्यक्रम असला की ज्या हातानं वाजवायचं त्याच हातानं नेकही उचलून धरायची.

शक्यतो पाच तारांचाच घ्या. चार तारांतली सगळ्यात खालची ई ४१ हर्ट्झला वाजते, पाचवी बी जाते ३१पर्यंत. दुकानातल्या टीचभर स्पीकरमधून ते ३१ हर्ट्झ बाहेर पडत नाहीत. तुम्हाला ऐकू येतात ते त्या बीचे वरचे हार्मोनिक्स, खालचा स्वर तुमचा मेंदू स्वतःच भरून काढतो. बी कणखर आहे की ढिली, हे तिथे कळणार नाही. विक्रेता म्हणेल, "बी बघा सर, कसली घुमतेय!" मान डोलवा.

अ‍ॅक्टिव्ह बेसच्या आतल्या, आवाज वाढवणाऱ्या सर्किटची नऊ व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल आणि आवाज फाटत असेल, तर त्याला व्हिंटेज टोन समजा. नवी बॅटरी मागून कुणाला अडचणीत आणू नका.

सेटअपचं, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून घेण्याचं, नाव काढू नका. ई तार तिसऱ्या फ्रेटपासून (नेकवरची धातूची आडवी पट्टी म्हणजे फ्रेट) सातव्यापर्यंत करकरत होती, तर मला सांगण्यात आलं, "नवीन बेस थोडा बझ करतोच सर, वाजवून वाजवून बसतो." बसतो! बूट आहे का?

गिटारवाल्या मित्राला जरूर बरोबर न्या.

आता मुख्य सल्ला. दुकानात आपली हुकमी लाइन वाजवा आणि तेवढीच वाजवा. प्रत्येकाची एक असते. माझी ई आणि ए तारेवर, पहिल्या पाच फ्रेटांत. ती मी अर्धा तास वाजवली. शेजारच्या अ‍ॅम्पवर एक पोरगा जिवाच्या आकांतानं स्लॅप करत, म्हणजे अंगठ्यानं तारा बडवत होता, तो थांबून माझ्याकडे बघायला लागला म्हणून आणखी दहा मिनिटं वाजवली. अ‍ॅम्पचा कॉम्प्रेसर चालू होता. चालू आहे का, हे मी बघितलंसुद्धा नाही. कॉम्प्रेसर जोराचा आवाज दाबतो आणि विझणारा उचलून धरतो, एवढं ज्ञान मला आहे. तरी मी मनात म्हटलं, काय सस्टेन आहे, स्वर किती वेळ टिकतोय!

चौथ्या दिवशी तालीम होती. संथ गाणं, शेवटच्या ओळीखाली मला दोन बार, म्हणजे आठ ठोके, सी हा स्वर धरायचा, जी तारेवर पाचवा फ्रेट. धरला. एक, दोन, आणि तिसऱ्या ठोक्याला स्वर गायब. बोट जागेवर, दाब बरोबर, आणि तार आपली शांत. ड्रमरनं काठी खाली न आणता माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बोट सरकलं असेल. पुन्हा वाजवला, पुन्हा तेच. चौथा फ्रेट खणखणीत, सहावा बरा, पाचव्यावर सी जन्मतो आणि लगेच डोळे मिटतो.

डेड स्पॉट. नेक म्हणजे काही दगड नव्हे, तिचीही स्वतःची कंपनसंख्या असते. तारेचा स्वर तिच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा नेक पिऊन टाकते. ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी) आणि बोल्टनं जोडलेली लाकडी नेक असेल, तर ही जागा बहुधा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडते. कुठे नावापुरती, कुठे माझ्या नशिबासारखी. हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं!

दुकानात फोन केला.

"सर, तो लाकडाचा स्वभाव असतो."

"अहो, सी वाजत नाहीये."

"डी तारेवर वाजवा ना, सर. दहावा फ्रेट. तोच सी आहे."

तोच सी! बावीस वर्षांनंतर मला कुणीतरी सांगतंय की सी दोन ठिकाणी सापडतो. अरे बाबा, मला माहीत आहे तो कुठे कुठे राहतो. जाड तारेवर तो जाड वाजतो, आणि गाण्याच्या मध्यात हात पाच फ्रेट पळवायचा असतो तो माझा. दुचाकीचा तिसरा गिअर पडत नसेल तर दुसऱ्यावरच चालवा, असं म्हणाल का कुणाला? बदलून द्या म्हटलं, तर "तुम्ही वाजवून घेतलात ना सर? तुम्ही तर अनुभवी आहात." आणि मग, "तारा बदलल्यात का?" बदलल्या. कारण त्या गंजल्या होत्या. तुमच्या भिंतीवर गंजल्या होत्या! "मग सर, माल मूळ स्थितीत राहिला नाही."

उपरोध गेला खड्ड्यात. विकणाऱ्यांनो, वाद्य विकताय, शोभेची वस्तू नाही. भिंतीवर टांगण्याआधी तारा बदला. ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली लोखंडी सळई, फिरवून नेक जागेवर आणा, फ्रेट तपासा, कुठला उठलेला असेल तो ठोका, नाहीतर घासा. हे जमणारा माणूस नसेल तर तसा एक नोकरीला ठेवा. आणि दोष दाखवला की तो लाकडाच्या माथी मारू नका. लाकूड स्वतःहून दुकानात चालत आलेलं नाही. तुम्हाला सी मेलेला आहे हे ठाऊक नव्हतं, कारण तुमच्यापैकी एकानंही तो बेस कधी पूर्ण वाजवलेला नव्हता.

आणि आपण? चार तारा, वीस फ्रेट, मोकळ्या तारा धरून चौऱ्याऐंशी जागा. प्रत्येक स्वर पाच सेकंद धरला तर सात मिनिटं होतात. अ‍ॅम्प बंद ठेवून, बॉडीच्या वरच्या शिंगाला कान टेकवून. ती सात मिनिटं मला काढता आली नाहीत. चाळीस मिनिटं मात्र एका स्लॅपवाल्या पोरावर छाप पाडण्यात घालवली. तुम्हीही हेच करता, मी पाहिलंय तुम्हाला. तीच लाइन, तेच पाच फ्रेट, तेच डोळे मिटणं. मग घरी येऊन दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची. लाज वाटत नाही?

हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाशी खुंट्या असतात तिथे, सध्या मी एक लोखंडी क्लॅम्प लावलाय. तिथलं वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते आणि डेड स्पॉट खाली सरकतो. सरकला. सी छान वाजतो, चौथ्या फ्रेटवरचा बी मेलाय, आणि नेक पूर्वीच्या दुप्पट घाईनं जमिनीकडे जाते. शनिवारी कार्यक्रम आहे. पहिलंच गाणं बी मायनरमध्ये.