अर्ध्या मिलिमीटरचा छळ

गाडीला काहीही झालेले नसताना ती दुरुस्त करावी लागणे, यासारखा दुसरा मनस्ताप नाही. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होते, चढावर गाडीला दम लागत नाही, मायलेज पूर्वीइतकेच मिळते, पेट्रोलचा वासही कुठे येत नाही. आणि तरीही स्टिअरिंगच्या पलीकडून तो पिवळा चेक इंजिनचा दिवा रोज सकाळी डोळे वटारून बघत असतो. मेकॅनिकने स्कॅनर जोडला आणि निदान सांगितले : कोड पी ०४५६, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची अतिसूक्ष्म गळती. अतिसूक्ष्म म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून होईल एवढी. ती कुठे आहे, हे मात्र कोडला ठाऊक नसते. घरात चोर शिरला आहे एवढेच सांगून पोलिसाने निघून जावे, तसला हा प्रकार.

टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते आणि पूर्वीच्या गाड्या ती खुशाल हवेत सोडून देत. उन्हात या वाफेपासून विषारी धुरके तयार होते हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये आणि पाठोपाठ साऱ्या अमेरिकेने १९७१ मध्ये नव्या मोटारींना ती कोंडून ठेवायला लावले. ती कोंडली जाते कोळशाच्या एका डब्यात, ज्याला गॅरेजमध्ये कॅनिस्टर म्हणतात. हा कोळसा इतका सच्छिद्र असतो की त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन डब्यातली वाफ ओढून घेऊन जाळून टाकते आणि तिच्या जागी व्हेंट व्हॉल्व्हमधून ताजी हवा आत येते. एकूण व्यवस्था इतकी शहाणपणाची आहे की तिला मनमोकळ्या शिव्याही देता येत नाहीत, आणि मला खरे तर तेच जास्त झोंबले.

या दुखण्यावर प्रत्येक ओळखीच्या माणसाकडे एकच औषध असते : पेट्रोलचे झाकण बदला. सल्ला अगदीच वेडगळ नाही, कारण पुष्कळदा दोष झाकणाच्या रबरी रिंगचाच निघतो. माझ्या झाकणाच्या रिंगवरून मी नखाने सावकाश चाचपून पाहिले, तर ती मऊ आणि अखंड होती. आवळताना कटकट आवाजही चोख येत होता. तरीही लोकाग्रहास्तव नवे झाकण आणले आणि दिव्याने त्याची यत्किंचितही दखल घेतली नाही. मग पर्ज व्हॉल्व्हची पाळी आली. वीज मिळत नसताना तो घट्ट मिटलेला असावा लागतो. तो काढून फुंकर मारून पाहिली, हवा पलीकडे गेली नाही आणि तो निर्दोष सुटला. एका जाणकाराने कोळ्यांचा विषय काढला. तो थट्टा करतो आहे असे मला वाटले. पण २०११ मध्ये माझ्दा कंपनीने अमेरिकेतल्या हजारो गाड्या खरोखरच परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या वासाला भुलणारे पिवळे कोळी याच व्यवस्थेच्या व्हेंट नळीत जाळी विणून ठेवत. मी मोठ्या आशेने माझ्या गाडीच्या नळीत बॅटरीचा झोत टाकला. कोळी नव्हता. निदान सांगण्यासारखे कारण तरी मिळाले असते.

"दिवा नुसता घालवायचा असेल तर आत्ता घालवतो, पण तो परत येईल," असे म्हणून मेकॅनिकने अखेर धुराचे यंत्र बाहेर काढले. या यंत्रात खनिज तेल तापवून पांढरा दाट धूर करतात आणि व्हेंट व्हॉल्व्ह बंद करून तो नळ्यांमध्ये सोडतात. दाब मात्र चाकातल्या हवेच्या साठाव्या हिश्श्याइतकाही नसतो, कारण जास्त दाबाने धडधाकट सांधेही सुटतात. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच चालत नाही. पेट्रोलच्या वाफेत हवा कोंडून ठिणगीची वाट पाहण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आधी त्याने टाकीचे झाकण काढून ठेवले, तिथून धूर बाहेर पडल्यावर ते लावले आणि आम्ही दोघे गाडीखाली माना वाकड्या करून थांबलो. बराच वेळ काहीच दिसेना. मग कॅनिस्टरजवळच्या रबरी कोपरनळीवर, पोलादी क्लिपच्या अगदी कडेला, बॅटरीच्या तिरप्या उजेडात दोऱ्याइतकी बारीक रेघ वर चढताना दिसली. नळी वाकवली की भेग तोंड उघडे आणि सोडली की साळसूदपणे मिटे. बोटभर लांबीची ती नळी बदलायला लागलेला वेळ सांगण्याच्या लायकीचा नाही.

खरा छळ पुढेच होता. कोड पुसला की गाडीतला संगणक पूर्वीच्या चाचण्याही विसरतो आणि गळतीची चाचणी पुन्हा घेतो, पण ती त्याच्या मर्जीने. गाडी रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण थंड झालेले हवे, बाहेर फार थंडी किंवा फार ऊन नको आणि टाकी साधारण पंधरा ते पंच्याऐंशी टक्के भरलेली हवी. टाकी काठोकाठ असली तर त्याला परीक्षेला जागा उरत नाही. तळाशी असली तर रिकाम्या जागेत वाफ इतकी मावते की अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब लागत नाही. त्यामुळे घरात फर्मान निघाले : सकाळी मी उठण्यापूर्वी गाडीला कोणी हात लावायचा नाही आणि टाकी भरायचे तर नावही काढायचे नाही. रोज स्कॅनरवर "चाचणी अपूर्ण" वाचून मी तोंड पाडून घरात येई. शेवटी एका सकाळी "पूर्ण" हा शब्द उमटला, दिवा विझलेलाच राहिला आणि मी धावत जाऊन ही वार्ता सौभाग्यवतींना सांगितली.

"छान झालं," ती म्हणाली, "मग आता तरी पेट्रोल भरा. काटा लाल रेषेला टेकलाय."