‘प्रिन्सेस डायना’, तीन ‘चुलतभाऊ’ आणि एक प्रतिक्रिया

ब्रिटिश राजघराण्यातल्या पदव्यांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. नाव दिलेलं नाही, म्हणून ‘आपण’ म्हणूनच बोलतो. प्रतिक्रियेचा गाभा एका वाक्यात आहे: ‘सगळं जग प्रिन्सेस डायना म्हणतं, कझिनला सगळे चुलतभाऊच म्हणतात, पण लेखकमहाशयांना जगापेक्षा जास्त कळतं.’ बाकी मग गुलामी मानसिकता, ‘हे सगळं गूगलवर फुकट मिळतं’, 1917 ची एक चुकलेली तारीख, आणि राणीचा नवरा राजा का होत नाही याचं उत्तर लेखात नाही, ही तक्रार.

तारखेचं आधी मिटवतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. 17 जुलै 1917 ला पाचव्या जॉर्जने घराण्याचं नाव विंडसर केलं. प्रिन्स-प्रिन्सेस कोणाला म्हणायचं हे ठरवणारं आज्ञापत्र त्याच वर्षी, पण 30 नोव्हेंबरला निघालं. लेखात मी दोन्ही गोष्टी जुलैत टाकल्या होत्या. दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र तारीख चार महिन्यांनी हलली म्हणून नियम हलला असं कृपया समजू नका.

आता ‘लेखकमहाशय’. महाशय हा शब्द वाईट नाही, तो कुठल्या सुरात आला आहे ते वाचणाऱ्याला कळतं. असहमती मला चालते. पण लेख न वाचता लेखकाला शहाणपणाचं सर्टिफिकेट नाकारायचं, याला असहमती म्हणत नाहीत. वंशावळ्या जुळवण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत. हे पुरावा म्हणून सांगत नाही, फक्त ‘गूगलवर मिळतं’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा अंदाज यावा म्हणून. आणि गुलामीबद्दल एवढंच: हवामान खात्यात नोकरी करणाऱ्याला कुणी पावसाचा भक्त म्हणत नाही.

मी काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचा. डायना प्रिन्सेस नव्हती असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ‘प्रिन्सेस डायना’ ही तिची पदवी कधीच नव्हती, असं म्हटलं आहे. या दोन वाक्यांत फरक आहे आणि तो फरक हाच लेखाचा विषय होता.

पदवीच्या मागे स्वतःचं पाळण्यातलं नाव कधी लागतं? ती जन्माने मिळाली असेल तर. 1975 मध्ये डायनाचे वडील अर्ल (उमरावांतला एक दर्जा) स्पेन्सर झाले आणि ती ‘लेडी डायना स्पेन्सर’ झाली. अर्लची मुलगी, म्हणून लेडीपुढे तिचं नाव. 29 जुलै 1981 ला चार्ल्सशी, म्हणजे तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सशी, लग्न झालं आणि त्या क्षणापासून ती ‘हर रॉयल हायनेस द प्रिन्सेस ऑफ वेल्स’. शोधून पाहा, यात ‘डायना’ कुठेच नाही. पदवी नवऱ्याची होती, ती त्याच्या नात्याने हिला मिळाली, आणि नवऱ्याच्या पदवीत बायकोचं नाव शिरत नाही.

नवऱ्याकडे प्रिन्स ऑफ वेल्स, ड्यूक ऑफ यॉर्क असं स्वतःचं वेगळं पद नसेल तर काय होतं हे पाहायचं असेल तर प्रिन्स मायकल ऑफ केंट यांच्या पत्नीकडे बघा. त्यांचं नाव मारी क्रिस्टीन, आणि पदवी ‘प्रिन्सेस मायकल ऑफ केंट’. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. चूक नाही, नियम उघडा पडला की असाच दिसतो. डायनाच्या बाबतीत वेल्स होतं म्हणून तो झाकला गेला, इतकंच. याच्या उलट अ‍ॅन. ती एलिझाबेथ राणीची मुलगी, आणि जन्मापासूनच ‘प्रिन्सेस अ‍ॅन’, लग्न कुणाशीही होवो.

गंमत म्हणजे डायनाचं नाव तिच्या पदवीला लागलं ते ती घराण्यातून बाहेर पडल्यावर. घटस्फोट 28 ऑगस्ट 1996 ला पूर्ण झाला. त्याच्या आठवडाभर आधी, 21 ऑगस्टला, राणीने आज्ञापत्र काढून घटस्फोटित पत्नींचं ‘रॉयल हायनेस’ काढून घेतलं होतं. मग उरलं ते ‘डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स’. आधी नाव, मग स्वल्पविराम, मग पदवी. उमरावांच्या घटस्फोटित बायकांची ही जुनी लिहिण्याची रीत, अँड्र्यूची घटस्फोटित बायको 2025 पर्यंत ‘सारा, डचेस ऑफ यॉर्क’ होती, तसंच. तो स्वल्पविराम सांगतो की बाई आता त्या पदावर नाही, पदाची फक्त खूण नावामागे राहिली आहे. तोच उडवून, शब्द फिरवून ‘प्रिन्सेस डायना’ केलं की लग्नाची बायको, घटस्फोटित बायको आणि जन्माची राजकन्या या तिघींचा काला होतो.

अपवाद आहे, आणि तो आपण काढण्याआधी मीच काढतो. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर 1974 मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नीला ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस, डचेस ऑफ ग्लॉस्टर’ असं म्हणवून घ्यायची मुभा मिळाली. ती जन्माने प्रिन्सेस नव्हती. पण यासाठी राणीची परवानगी लागली. नियम नसता तर परवानगी कशाची मागायची?

‘जग म्हणतं’ याला उत्तर असं, की मथळ्यात जगाने काहीही म्हणावं, माझी हरकत नाही. पदव्यांवरच्या लेखात तेच लिहिलं तर लेख कशाला लिहायचा? आणि मराठीत तर आपण त्याचं ‘राजकुमारी डायना’ करतो. राजकुमारी म्हणजे राजाची मुलगी. ही अर्लची मुलगी आणि युवराजाची बायको. युवराज्ञी हा सरळ शब्द हाताशी असताना तिला सासूची लेक करायचं कारण काय?

आता ‘कझिन म्हणजे चुलत’. इथे मात्र माझा संयम थोडा सुटतो, कारण या एका विषयात मराठी इंग्रजीच्या पुढे आहे आणि तुम्ही ती पुढची जागा सोडायला निघाला आहात. (‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आलो, माफ करा.)

1917 चं आज्ञापत्र काय सांगतं? राजाची मुलं प्रिन्स-प्रिन्सेस. राजाच्या मुलग्यांची मुलं प्रिन्स-प्रिन्सेस. राजाच्या मुलींची मुलं नाहीत. शिवाय प्रिन्स ऑफ वेल्सच्या थोरल्या मुलाचा हयात असलेला थोरला मुलगा तेवढा आत. आता डायनाचा थोरला मुलगा विल्यम याच्या जागी उभे राहून बघा. काका अँड्र्यूच्या मुली बिअ‍ॅट्रिस आणि युजिनी या त्याच्या चुलतबहिणी, आणि दोघी प्रिन्सेस. आत्या अ‍ॅनची मुलगी झारा ही त्याची आतेबहीण, तिला पदवी नाही. तिघी त्याच राणीच्या नाती. इंग्रजीत तिघी ‘कझिन’, म्हणून एकीला पदवी का नाही हे समजवायला परिच्छेद लागतो. मराठीत चुलत आणि आते हे दोन शब्दच नियम सांगून मोकळे होतात. आणि तुम्ही म्हणता सगळ्यांना चुलत म्हणा!

शिवाय 2025 च्या ऑक्टोबरमध्ये राजवाड्याने अँड्र्यूचं प्रिन्सपद काढून घेत असल्याचं जाहीर केलं, तरी मुली प्रिन्सेसच राहिल्या. कारण त्यांचा हक्क बापाच्या पदवीतून आलेला नाही. त्या राणीच्या मुलग्याच्या मुली आहेत, आणि ते नातं कुणी काढून घेऊ शकत नाही.

नियम जिथे अडतो तिथे नवं आज्ञापत्र निघतं. 1948 मध्ये एलिझाबेथ राजकन्या होती, म्हणजे पोटातलं मूल राजाच्या मुलीचं. 1917 प्रमाणे ते प्रिन्स झालं नसतं. तिच्या वडिलांनी, सहाव्या जॉर्जने, 22 ऑक्टोबरला आज्ञापत्र काढलं आणि 14 नोव्हेंबरला चार्ल्स जन्मला. तसंच 31 डिसेंबर 2012 ला विल्यमच्या सगळ्याच मुलांसाठी निघालं, नाहीतर जॉर्ज प्रिन्स आणि शार्लट नुसती लेडी झाली असती. विल्यमचा भाऊ हॅरी, त्याचा मुलगा आर्ची 2019 मध्ये जन्मला तेव्हा राणीचा पणतू होता, म्हणून नियमात बसला नाही. 8 सप्टेंबर 2022 ला आजोबा चार्ल्स गादीवर आले आणि तो राजाच्या मुलग्याचा मुलगा झाला. म्हणून कुणाची पदवी पाहायची तर मूल कुणाचं, मुलग्याकडून की मुलीकडून, आणि त्या दिवशी गादीवर कोण, हे तिन्ही बघायला लागतं. तिसरं लोक हमखास विसरतात.

राहिले ते तीन ‘चुलतभाऊ’. पहिल्या महायुद्धावरच्या मराठी मजकुरात ब्रिटनचा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस यांना बिनदिक्कत चुलतभाऊ लिहिलं जातं. या तिघांत एकाचंही दुसऱ्याशी चुलत नातं नाही. जॉर्जची आई अ‍ॅलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डागमार या डेन्मार्कच्या नवव्या ख्रिश्चनच्या मुली, सख्ख्या बहिणी. म्हणजे मावसभाऊ. विल्हेल्मची आई व्हिकी ही जॉर्जचे वडील सातवे एडवर्ड यांची बहीण. म्हणजे विल्हेल्म जॉर्जचा आतेभाऊ, जॉर्ज विल्हेल्मचा मामेभाऊ. निकोलसची बायको आलिक्स ही व्हिकीची बहीण अ‍ॅलिस हिची मुलगी, म्हणजे विल्हेल्मच्या मावसबहिणीचा नवरा निकोलस. आणि तीच आलिक्स जॉर्जची आतेबहीण, म्हणून निकोलस जॉर्जचा मावसभाऊही आणि आतेबहिणीचा नवराही. या सगळ्यावर ‘चुलत’चा एकच शिक्का मारायचा असेल तर मारा. पण मग मला अतिशहाणा म्हणू नका.

राणीचा नवरा राजा का नाही, याचं उत्तर लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. राजाची बायको नवऱ्याचा दर्जा घेते, राणीच्या नवऱ्याला बायकोचा मिळत नाही. फिलिपला युनायटेड किंग्डमचा प्रिन्स ही पदवी 22 फेब्रुवारी 1957 ला दिली गेली, लग्नानंतर नऊ वर्षांनी. राजघराण्याच्या खर्चाबद्दल आणि ते असावं की नसावं याबद्दल तुमचं जे मत आहे ते तुमच्याजवळ ठेवा, त्यावर मी लिहिलेलंच नाही.

फिलिपचा विषय निघालाच आहे तर त्याचं एलिझाबेथशी नातं ‘कझिन’ एवढ्यावर सोडू नका. व्हिक्टोरियापासून मोजलं तर दोघेही तिच्यापासून चौथ्या पिढीतले. पण नवव्या ख्रिश्चनपासून मोजा. अ‍ॅलेक्झांड्राचा भाऊ ग्रीसचा पहिला जॉर्ज, त्याचा मुलगा अँड्र्यू, त्याचा मुलगा फिलिप. तिकडे अ‍ॅलेक्झांड्राचा मुलगा पाचवा जॉर्ज, त्याचा सहावा जॉर्ज, त्याची एलिझाबेथ. ग्रीसचा अँड्र्यू आणि पाचवा जॉर्ज हे मामे-आतेभाऊ, म्हणून फिलिप सासऱ्याच्या पिढीतला. म्हणजे डेन्मार्कच्या बाजूने एलिझाबेथला नवरा दूरच्या नात्याने काका लागत होता.